पन्नासाला पन्नास जिवंत

काशीबाईच्या वाट्यात मेलेला खुबा निघाला, असं मालवणच्या बाजारात कुणी सांगून तर दाखवावं! चाळीस वर्षं ती त्याच पायरीशी बसते, केळीच्या पानावर खुब्यांचे वाटे लावते, आणि लावण्याआधी एकेक शिंपला अंगठ्याने दाबून बघते. जिवंत खुबा दाबला की तोंड मिटतो. जो मिटत नाही, आ वासून राहतो, तो गेला. तो कावळ्याला, आणि त्याच्या जागी दुसरा, तोही चांगला भरलेला. शेजारची राधाबाई दोन-चार मेलेले खाली दडपते, वर चांगले रचते, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन नाक मुरडतं. काशीबाई तिला तोंडावर सांगते, "गिऱ्हाइकान नाय बघल्यान तरी देव बघता मा!"

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे झालं त्यात या बाईच्या मनात पाप होतं, असं कुणी म्हणायला नको. पाप असतं तर एक वेळ परवडलं असतं. पापी माणूस कुठेतरी कंटाळा करतो, काहीतरी अर्धवट ठेवतो आणि पकडला जातो. काशीबाईने काही म्हणजे काही अर्धवट ठेवलं नाही.

खाजणवाडी म्हणजे तोंडवलीच्या अलीकडे, खाडी जिथे आत वळते तिथली बावीस घरांची वाडी. काशीबाईचा मुलगा सिद्धेश तोंडवलीला पर्यटकांना होडीतून फिरवतो. सून सलोनी कुडाळकडची, हसरी, जिभेची तिखट. लग्नाला पाच वर्षं झाली होती. पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात गेलं, दुसऱ्या खेपेला पाचव्यात. काशीबाईने दृष्ट काढली, राखणदाराला नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, कुडाळच्या डॉक्टरीणबाईंच्या पायऱ्या झिजवल्या. त्या म्हणाल्या, दोष काही दिसत नाही. दोष दिसत नाही आणि मूल राहत नाही, मग माणसाने भांडायचं तरी कुणाशी?

वाडीतले लोक हळू आवाजात एक गोष्ट बोलत. खाडीच्या वरच्या अंगाला पूर्वी ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करण्याचा एक कारखाना होता. तो बंद पडून पंधरा वर्षं झाली, मालक कुठला आणि कुठे गेला कोण जाणे. पण चालू होता तोवर जुनं तेल मागच्या चरातून सरळ खाडीत. अजूनही ओहोटीला तिथल्या चिखलात पाय घातला की वर रंगीत तवंग येतो. वाडीने ओरोसच्या जिल्हा कचेरीत चार अर्ज दिले. चारही वेळा उत्तर एकच, पुरावा आणा. चिखल तपासणारं यंत्र मुंबईला, त्याचा खर्च वाडीच्या आवाक्याबाहेरचा. म्हणजे विष खायचं आम्ही आणि ते विष आहे हे शोधायचंही आम्हीच!

अशात माघाच्या सुमाराला दीपिका आली. मुलगी बांद्याची, पण काजू-भातवाल्यांच्या घरातली. समुद्र तिने पाहिला तो शाळेच्या सहलीत. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती संशोधन करत होती. चष्मा, पाठीवर बॅग, बोलणं एकदम पुस्तकी. काशीबाईला आधी वाटलं, आली आणखी एक फॉर्म भरून घेणारी. पण ही पोरगी पडवीत मांडी घालून बसली आणि खुब्यांबद्दल विचारू लागली. ते कुठे मिळतात, काय खातात, किती जगतात. चाळीस वर्षांत काशीबाईला हे कुणी विचारलं नव्हतं.

"काकी, खुब्याच्या रक्तात बारीक बारीक पिशव्या असतात," दीपिकाने सांगितलं. "मी त्यांना लाल रंग पाजते. खुबा धडधाकट असला तर पिशवी तो रंग दीड-दोन तास धरून ठेवते. अंगात विष भिनलं असलं तर अर्ध्या तासात गळायला लागते."

"फुटक्या घागरीसारखी," काशीबाई म्हणाली.

"अगदी! आणि त्याला मुंबईचं यंत्र नको. एक सूक्ष्मदर्शक आणि एक घड्याळ, बस. आपल्या खुब्यांवर हे अजून कुणी बसवलेलं नाही. मी बसवलं, तर किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीला आपली खाडी आपणच तपासता येईल."

ओरोसच्या साहेबांनी तिला शब्द दिला होता, की खुब्यांनी विष दाखवलं तर सरकार चिखल तपासेल आणि काढेलही. मात्र तिचं काम मे महिन्यात संपणार होतं. त्यापुढे पैसे नव्हते, म्हणजे संधी एकच.

सलोनीला तेव्हा तिसरा लागला होता. ती चहा घेऊन आली तशी दीपिकाने तिच्याकडे पाहिलं आणि कप हातातच धरून म्हणाली, "वहिनी, अहवाल येईपर्यंत खाडीतलं काही खाऊ नका. हे विष पाण्यात विरघळत नाही. ते चरबीत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं जात नाही. बाईच्या अंगातून त्याला बाहेर पडायला खरी वाट एकच असते."

"खंयची?" काशीबाईने विचारलं.

"पोटातलं मूल. नाहीतर मग दूध."

त्या दिवसापासून सलोनीने खुब्यांना हात लावला नाही. आणि नशिबाची थट्टा बघा, तिला डोहाळे लागले ते नेमके खुब्यांचेच! शेजारच्या घरात खोबऱ्याच्या वाटपाचा वास सुटला की पोरगी दाराशी जाऊन उभी राहायची. डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाची लाळ गळते म्हणतात. काशीबाई म्हणायची, "गळांदे लाळ, पुसूया. पोर येवंदे आधी."

काशीबाईला या तपासणीतून काय हवं होतं ते यात आलं. खाडी दोषी असेल तर तसं कुणीतरी कागदावर लिहावं, चिखल निघावा आणि हे तिसरं तरी हातात यावं. नसेल, तर सुनेने पोटभर जेवावं.

तोंडवलीच्या स्वच्छ रेतीतून दीपिकाने काशीबाईकडून शंभर खुबे काढून घेतले. प्रत्येकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. पन्नास एका जाळीच्या पिंजऱ्यात घालून तिथेच तोंडवलीला बांधले, पन्नास दुसऱ्या पिंजऱ्यात घालून वर, बंद कारखान्याच्या खाली, तिवराच्या खुंटाला. पंचेचाळीस दिवसांनी ती परत येणार होती.

"काकी, हे पन्नास आणि ते पन्नास माझी ठेव समजा," ती म्हणाली. "शेवाळ काढा, कुर्ल्या-खेकडे शिरू देऊ नका. काही वाटलं तर फोन करा."

ठेव! शिकलेल्या माणसांनी शब्द जपून वापरावेत. आमच्याकडे ठेव म्हणजे काय ते त्या पोरीला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याची ठेव दिली तशी परत करायची. फुटली तर भरून द्यायची, आणि भरून दिली हे बोलूनसुद्धा दाखवायचं नाही.

पहिल्या आठवड्याला काशीबाई ओहोटी साधून वरच्या पिंजऱ्याशी गेली, तर सात खुबे आ वासून पडलेले. तोंडवलीच्या पिंजऱ्यात सगळे ठणठणीत, आणि इथे सात गेले! चेडवाने, परक्या पोरीने, विश्वासाने दिले आणि मी आठ दिवसांत सात मारून ठेवले. फोन करावा असं एकदा मनात आलं. पण सांगायचं काय? की चाळीस वर्षं बाजारात बसणाऱ्या काशीबाईला सात खुबे सांभाळता आले नाहीत?

तिने ते सात कावळ्यांना टाकले. दुसऱ्या दिवशी तोंडवलीला जाऊन सात चांगले भरलेले काढून आणले. पण यांच्यावर ठिपका नव्हता. मग सलोनीची नेलपॉलिश काढली, चष्मा चढवला आणि पडवीत बसून एकेकावर ठिपका दिला.

"आये, खुब्यांचा लगीन काडलंस काय गो?" सलोनी खो खो हसली.

"गप रव. लोकांची ठेव आसा ती."

पुढच्या आठवड्याला अकरा गेले, त्याच्या पुढच्या नऊ. गुडघे धरलेली बाई, पण दर आठवड्याला खाली तोंडवली आणि वर कारखाना अशी पायपीट करत राहिली. नेलपॉलिशची बाटली संपली तेव्हा सिद्धेशकडून तशीच दुसरी मागवली, रंगाशी रंग जुळवून. आणि दीपिका येणार त्याच्या आदल्या दिवशी तिने वरचा अख्खा पिंजराच रिकामा केला. उरलेले होते जिवंत, पण मरगळलेले, दाबलं तर सावकाश मिटणारे. असला माल पाहुणीसमोर ठेवायचा? छे! पन्नासच्या पन्नास ताजे घातले.

आता कुणी विचारेल, वरचेच का मरतात हा प्रश्न तिला पडला नाही? पडला ना. कुर्ल्या असतील, ऊन लागत असेल, बांधण्यात चूक झाली असेल. याच्या पलीकडचा विचार दाराशी आला होता. त्याला तिने घरात घेतलं नाही. त्याच खाडीतल्या चिखलावर तिचं चाळीस वर्षांचं पोट चाललं होतं, आणि माणूस आपल्या अन्नाला अशी सहज नावं ठेवत नाही.

दीपिका आली. पडवीत टेबल मांडून सूक्ष्मदर्शक ठेवला, सुईने एकेका खुब्याचा थेंब काढला, रंग घातला आणि घड्याळ लावलं. आधी तोंडवलीचे, रंग एक तास पन्नास मिनिटं टिकला. मग वरचे, एक तास पंचेचाळीस. तिने पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा केलं. दुपार कलली तरी पोरगी जेवायला उठेना.

"सगळे सारखेच आहेत," ती शेवटी म्हणाली. "आणि पन्नासाला पन्नास जिवंत. काकी, एकही मेला नाही?"

"तुज्ये पन्नास तुका दिलंय. मोजून घे," काशीबाई म्हणाली. मान ताठ झाली होती तिची! हे खोटं नव्हतं तिच्या लेखी. दिले तेवढे परत केले होते.

दीपिकाने चिखलाच्या दिशेने बघितलं. "पंधरा पावसाळे झाले," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "कदाचित धुऊन गेलं असेल."

आठ दिवसांनी तिचा फोन आला. तिच्या सरांनी सगळे आकडे तपासले होते, काही सापडलं नव्हतं. पद्धत नीट चालते, खाडी ठीक आहे, असा अहवाल चालला होता. फोन स्पीकरवर होता. शेवटी ती पुस्तकी बोलणं सोडून म्हणाली, "वहिनी, खावा गो आता."

काय आनंद त्या घरात! काशीबाईने त्याच संध्याकाळी घरामागच्या चिखलातून टोपलीभर खुबे काढले. रात्रभर पाण्यात ठेवून रेती ओकवली, विळीवर उघडले, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, वर दोन आमसुलं. सलोनी तीनदा भाकरी मागून घेऊन जेवली. बोटं चाटताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग रोजचंच झालं. तीन आठवडे काशीबाईने बाजाराआधी सुनेचा वाटा बाजूला काढला, एकेक खुबा अंगठ्याने दाबून, घट्ट मिटेल तोच घेऊन.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ओरोसला बैठक होती. अहवाल मांडायचा होता, आणि खुबे सांभाळल्याबद्दल काशीबाईला शाल-श्रीफळ द्यायचं होतं. ती ठेवणीतली साडी नेसून, एसटीने, एकटी गेली. सभागृह पंख्यांनी घरघरत होतं. आधी सत्कार उरकला. शाल पिवळ्या रंगाची, मऊ होती. ती मांडीवर घेऊन काशीबाई मागच्या खुर्चीत बसली आणि दीपिका बोलायला उभी राहिली.

काशीबाईला त्यातलं निम्मं कळलं नाही. मग एक वाक्य कळलं.

"कारखान्याखालच्या पिंजऱ्यात पंचेचाळीस दिवसांत एकही खुबा मेला नाही. तिथे विष असतं तर सर्वांत आधी हेच मेले असते. त्यासाठीच ते तिथे ठेवले होते."

त्यासाठीच ठेवले होते. मरतात का ते बघायला.

काशीबाई उभी राहिली. मांडीवरचा नारळ गडगडत पुढच्या खुर्चीखाली गेला. कचेरीत बोलायची भाषा तिने जमवली, "साहेब, ते मेले होते."

"काय म्हणताय आजी?"

"ते खुबे. मेले होते ते. मी बदलले. माझ्या हाताने बदलले सगळे."

सभागृहात हशा उठला. साहेबांनी घड्याळ बघितलं. दीपिकाचे सर पुढे होऊन म्हणाले, "आजींचा जरा गोंधळ होतोय. पहिल्यांदाच आल्यात ना सभेला." साहेब म्हणाले, "बसा आजी. अहवालावर सह्या झाल्यात. खाडी चांगली आहे, आनंदाची गोष्ट आहे. पुढचा विषय घ्या."

चार अर्ज केले तेव्हा म्हणाले पुरावा आणा. आणि पुरावा स्वतः उभा राहून बोलतोय तर म्हणे बसा!

हसली नाही ती फक्त दीपिका. बाहेरच्या जिन्यापाशी तिने काशीबाईचा दंड धरला.

"काकी, किती मेले?"

काशीबाईने सांगितलं. सात, अकरा, नऊ. मग तेरा, मग आठ. आणि शेवटी उरलेले सगळे तिने बदलले तेही. नेलपॉलिशचंही सांगितलं. ऐकता ऐकता दीपिका जिन्याच्या पायरीवर बसली.

"माजी चूक, काकी," ती म्हणाली. आता तिच्या तोंडून मालवणीच येत होती. "मेलेले काडू नको, ह्यां सांगूचा माज्या डोक्यातच नाय इला. पुस्तकात कोण लिवणा नाय तसा."

"मगे आता सांग मा तेंका! तू सांगलंस तर आयकतले."

ती गेलीही सांगायला. काशीबाई दाराबाहेरून ऐकत होती. सर खालच्या आवाजात म्हणाले, "आता हे उघड केलंस तर अहवाल जाईल आणि तुझी पद्धतही जाईल. एका म्हातारीने नेलपॉलिश लावून फसवली म्हणतील. पुन्हा कुठली वाडी, कुठलं सरकार हिच्यावर विश्वास ठेवेल?" दीपिकाने तरीही कागद मागून अर्ज लिहिला. कारकुनाने तो वाचला, शिक्का मारला आणि सांगितलं, फाईल बंद झाली आहे, नवीन तपासणी म्हणजे नवीन प्रकरण, पावसाळ्यानंतर बघू. पिंजरे पुन्हा लावायला दीपिकाकडे ना पैसे होते ना दिवस. दहा दिवसांत तिची प्रयोगशाळेतली जागा संपणार होती.

"पावसानंतर," काशीबाई म्हणाली. सलोनीचे दिवस श्रावणात भरत होते.

"व्हयनीन खाल्ल्यानी काय?" दीपिकाने विचारलं. तिने खाली बघतच विचारलं.

काशीबाईने मान हलवली. दीपिका रडायला लागली आणि काशीबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं करणार काय? रागावायला समोर कुणी दोषी तरी हवा. या पोरीने मन लावून काम केलं होतं, आणि काशीबाईने तिच्याहूनही जास्त मन लावून.

एसटीतून ती उतरली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाजाराच्या पायरीवरून जाताना राधाबाईने हाक मारली. पेपरात बातमी आली होती, खाजणवाडीची खाडी शुद्ध. राधाबाईने ते कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवून वाट्यांशेजारी उभं केलं होतं. "काशी, तुज्यामुळा गो! आज सगळे खुबे खपले!" काशीबाईने तो पुठ्ठा उचलून फाडला. राधाबाईने तिला शिव्या घातल्या आणि भोवतीचे लोकही म्हणाले, म्हातारीला स्वतःच्या नावाचं कौतुकही बघवत नाही. खुबे विषारी आहेत असं तिने चारचौघांत ओरडून सांगितलं. एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "अगो, सरकार म्हणता बरे, आणि तू विकणारी म्हणतंस वायट?"

घरी सलोनी पडवीत पाय लांब करून बसली होती. सहावा सरत आला होता, पोट चांगलं दिसत होतं. काशीबाई तिच्यासमोर खाली बसली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. राधाबाईसारखी मेलेले खाली दडपायची सवय असती तर ही वेळच आली नसती.

सलोनी ऐकत राहिली. एक हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. काशीबाई वाट बघत होती, की आता ही किंचाळेल, शिव्या देईल, माहेरी निघेल. दिल्या असत्या तर त्या शिव्या तिने ओंजळ धरून घेतल्या असत्या.

"तुका खंय म्हायत होता, आये," सलोनी म्हणाली. "आजपासून खाणंय नाय. झाला तर. तीन आठवडेच खाल्लंय मा? जाताला तां निघून."

काशीबाईने तोंड उघडलं. बाईच्या अंगातून त्याला बाहेर पडायला वाट किती आणि कुठली, ते याच पडवीत दोघींनी एकत्र ऐकलं होतं. सलोनी विसरली होती, की विसरल्यासारखं करत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. काशीबाईने तोंड मिटलं.

सलोनीने तिच्या हातातली शाल ओढून घेतली, उलगडली आणि गालाला लावून बघितली.

"मऊ आसा गो," ती म्हणाली. "बाळाक गुंडाळूक बरी होतली."

तिने घडी घातली आणि शाल आतल्या ट्रंकेत ठेवली. त्या ट्रंकेत पहिल्या दोघांची टोपडी होती.